डबा आणि हवेची पिशवी

श्रोतेहो, आमच्या कोडोलीकडे पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर तोंड झाळलेला पत्र्याचा डबा बांधत. जाणता माणूस डबा आधी पाण्यात दाबून बघे. बुडबुडा निघाला की डबा बाद! डब्याला भय एकच, भोकाचे.

आता गावची तरुण मंडळी सुट्टीत तारकर्लीला जातात आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राच्या पोटातले मासे बघतात. तिथे डबा नसतो, हवेची पिशवी असते. तिचे भय निराळे.

१९६१ च्या सुमारास मॉरिस फेन्झी या फ्रेंच गृहस्थाने पाणबुड्यांसाठी गळ्यात घालायची अशी पिशवी आणली. छोट्या बाटलीतली हवा सोडली की ती फुगे. सोय मोठी, पण हवेचा स्वभाव विसरला की घात! पाण्यात १० मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे भरलेली २ लिटर हवा वर येईपर्यंत ४ लिटर होऊ पाहते. पिशवी फुगते तशी माणसाला वर ओढते; वर जावे तशी आणखी फुगते. वेळीच हवा सोडली नाही, तर माणूस बुचासारखा उसळतो. त्यात घाबरून श्वास रोखला, तर टाकीतून घेतलेली छातीतली हवाही तशीच फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. डब्याचा पत्रा ताठ, म्हणून त्याला हे भय नाही.

त्या जुन्या पिशव्यांचा मांडीखालचा पट्टा ढिला राहिला, तर पिशवी सरकून गळ्याशी येई. पुढे जाकिटे आली, जादा हवा आपोआप सोडणाऱ्या झडपा आल्या. हवेचा नियम मात्र बदलला नाही.

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरा. औषधाच्या ड्रॉपरमध्ये जेमतेम तरंगेल इतके पाणी घेऊन तो आत सोडा, झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की ड्रॉपर बुडेल, सोडली की वर येईल. आतली हवा आक्रसते आणि फुगते, ती मुलांना डोळ्यांनी दिसेल.

तेव्हा मंडळी, समुद्रात उतराल तर शिकवणाऱ्याचा हात सोडू नका, श्वास रोखू नका, सावकाश वर या. आणि विहिरीवर डबा कितीही चांगला असो, काठावर पोहणारा माणूस हवाच.