दया, श्रम आणि हक्क
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आसिफाबादहून वांकिडी ओलांडून उत्तरेकडे जाणारा रस्ता राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर अशी गावे घेत पुढे वरोऱ्याची वाट धरतो. निजामाच्या राजवटीत वांकिडी आणि राजुरा एकाच आदिलाबाद जिल्ह्यात नांदत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने त्यांची ताटातूट केली. भाषा सीमेपाशी थांबली नाही आणि कुष्ठरोगही थांबला नाही. या भागातील ज्या माणसाला घराने व गावाने बाहेर काढले, त्याच्यासमोर दोन दारे होती. दक्षिणेकडे निजामाबादजवळच्या डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर या मिशनरी स्त्रीने १९१५ साली उभारलेले रुग्णालय, आणि पुढे उत्तरेकडे वरोऱ्याचे आनंदवन. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा विचार या भूमीवर करावयाचा तर आनंदवनापासूनच आरंभ केला पाहिजे.

वऱ्हाड-वर्ध्याकडे कुष्ठसेवेची परंपरा त्यापूर्वीही होती. मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात हे काम आधीच मांडले होते. मुरलीधर देविदास आमटे या वकिलाने १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्यानजीकच्या खडकाळ माळावर वस्ती केली. सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, असे सांगतात. पहिले काम विहीर खणण्याचे. बोटे झडलेल्या हातांनी ती खणली गेली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. बाबांना रुग्णांची शुश्रूषा करावयाची होतीच, परंतु अन्नछत्र चालवावयाचे नव्हते. फुकट मिळालेला घास माणसाला आतून दुबळा करतो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे माळावर शेती आली, गोठा आला, पुढे हातमाग आणि सुतारकाम आले. भाजी पिकली, दूध निघाले; पण सुरुवातीला ते विकत घ्यायला वरोऱ्याचे लोक कचरत. दान द्यायला जे हात पुढे येत होते, तेच हात त्या माणसाने पिकवलेले वांगे उचलायला मागे सरत होते. आपल्या परोपकारबुद्धीचे इतके नेमके मोजमाप अन्यत्र क्वचितच झाले असेल.

या बहिष्काराला आनंदवनाने दिलेले उत्तर विलक्षण आहे. १९६४ साली तेथे आनंदनिकेतन महाविद्यालय निघाले, पाठोपाठ कृषी महाविद्यालयही निघाले. ज्यांना गावाने शाळेच्या अंगणात पाऊल टाकू दिले नसते, त्यांच्या श्रमातून गावातील निरोगी मुलांचे महाविद्यालय उभे राहिले. घेणारा कोण आणि देणारा कोण, याची अदलाबदल झाली. वरोऱ्याच्या पंचक्रोशीतील कितीतरी पदवीधरांच्या शिक्षणाचा पाया कुष्ठरुग्णांनी रचला आहे. पुढे अंध विद्यालय, मूकबधिर विद्यालय आणि अपंगांना व्यवसायशिक्षण देणारे संधिनिकेतन उभे राहिले. कुष्ठरोगापासून अपंगत्वापर्यंतचा हा प्रवास स्वाभाविकच होता. रोग औषधाने जातो. वाकलेली बोटे आणि गेलेली दृष्टी मागे राहते. स्वतः बाबांनाही मणक्याच्या विकाराने बसणे अशक्य झाले. आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी आडवे पडून किंवा उभे राहूनच काम केले.

तथापि आनंदवन कितीही रम्य असले, तरी ते वेगळे गाव आहे. समाजाने आपले दार उघडले असते तर त्या गावाची गरज पडली नसती. आणि समाजाचे दार केवळ मनाने बंद होत नाही, ते कायद्यानेही बंद होते. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा इंग्रजी अमदानीतील कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यापासून हा रोग पूर्ण बरा होतो, हे उघड असताना! फेब्रुवारी २००८ मध्ये बाबांचे निधन झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातील नगरपालिका कायद्याचे एक कलम वैध ठरवले आणि कुष्ठरोगाच्या कारणाने एका निर्वाचित सदस्याला अपात्र ठरवणारा निर्णय कायम राहिला. श्रमाने जे मिळवले, ते कायद्याच्या एका ओळीने हिरावले जाऊ शकते.

म्हणूनच सेवेच्या जोडीला हक्काची भाषा आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारचे अपंगत्व मान्य झाले आणि त्यांत कुष्ठरोगमुक्तांना स्थान मिळाले. २०१६ च्या अधिनियमाने ती संख्या एकवीस केली आणि शासकीय नोकरीतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेल्या. दरम्यान संस्थांचेही स्वरूप पालटत होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन उमेदीत कमरेखाली पंगुत्व आले. चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. तेथे अपंग व्यक्ती लाभार्थी म्हणून कोपऱ्यात बसत नाही, ती कारभार पाहते. अपंगांच्या संस्थेत निर्णय कोण घेतो, हा प्रश्न देणग्यांच्या आकड्यांहून अधिक महत्त्वाचा आहे.

सीमाभागात त्यात आणखी एक गुंता आहे. वांकिडीच्या अपंग रहिवाशाला निवृत्तिवेतन तेलंगणाकडून मिळावयाचे, राजुऱ्याच्या रहिवाशाला महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेतून. काही कोसांच्या अंतरात अटी निराळ्या, रकमा निराळ्या, अर्जाची भाषाही निराळी. मराठीत वाढलेल्या माणसाला तेलुगू अर्ज भरून देणारा कोणी भेटला, तर त्या दिवशी त्याच्यापुरता कायदा अस्तित्वात येतो. नाव बदलण्याची हौस मात्र आपल्याला दांडगी: अपंग, विकलांग, दिव्यांग. शब्द तीनदा बदलला, पायऱ्या होत्या तेवढ्याच आहेत.

पायऱ्यांचा विषय ग्रंथालयात काढणे अप्रस्तुत नव्हे. भारताने २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती केली. त्यामुळे अंध वाचकासाठी पुस्तकाची ब्रेल, ध्वनिमुद्रित अथवा संगणकावर वाचता येण्याजोगी प्रत काढायला लेखक-प्रकाशकाच्या परवानगीची अडचण उरली नाही. २०१३ चा माराकेश करार याच हेतूने झाला, आणि २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. तेव्हा कपाटातील एखादी जुनी मराठी कादंबरी तरुण सभासदांनी वाचून ध्वनिमुद्रित करून अंध वाचकाच्या हाती ठेवली, तर त्यात बेकायदा काहीच नाही. खर्चही फारसा नाही. आणि सार्वजनिक इमारतींत चाकाच्या खुर्चीला वाट करून देण्यासाठी २०१६ च्या अधिनियमाने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम २०१७ साली निघाले. ती मुदत २०२२ मध्येच संपली आहे.