कुठली चिकणमाती?

आजचा विषय चिकणमाती, म्हणजे क्ले. तेलवाली माणसं हिला एवढी का घाबरतात, ते बघू.

आपली काळी माती आठवा. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा प्रताप. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं. तेलाच्या वालुकाश्मात स्मेक्टाइट असेल आणि आपण गोडं पाणी सोडलं, तर ते फुगून तेलाच्या वाटाच बुजवतं. म्हणून अशा ठिकाणी ड्रिलिंगच्या मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात.

केओलिनाइट फारसं फुगत नाही, पण त्याचे कण सुटतात आणि पुढे अरुंद जागी जाऊन अडकतात. क्लोराइटमध्ये बऱ्याचदा लोह असतं. विहीर मोकळी करायला ॲसिड सोडलं की ते लोह सुटतं आणि नंतर जेलीसारखं साचून बसतं. थोडक्यात, खडकात माती किती हे कळून भागत नाही. कुठली, ते हवं.

ते कळतं एक्स-रे डिफ्रॅक्शनमधून. थरांमधलं अंतर मोजायचं: इलाइट १० अँगस्ट्रॉम, केओलिनाइट ७. नमुन्याला ग्लायकॉलची वाफ दिली की स्मेक्टाइट १७ पर्यंत फुगतं, इलाइट ढिम्म. क्लोराइटचीही एक रेघ ७ लाच येते, मग नमुना ५५० अंशांना भाजायचा. केओलिनाइटची रेघ गायब! छळून ओळख पटवायची, मला हे जाम आवडलं.

पण माती नेमकी कुठे बसलीय, हे एक्स-रे सांगत नाही. उत्तर समुद्रातल्या ब्रिटनच्या मॅग्नस तेलक्षेत्रात इलाइट केसांसारख्या तंतूंनी वाढलेलं आहे. खडकाचा नमुना साधा वाळवला की, ओले केस डोक्याला चिकटावेत तसे हे तंतू कणांना चिकटतात. वाट मोकळी दिसते, आणि लॅब सांगते की तेल मस्त वाहील. खाली जमिनीत मात्र तंतू पसरलेले असतात, वाट अडवून. म्हणून असा नमुना पाण्याचा पृष्ठताण टाळून, क्रिटिकल पॉइंट पद्धतीने वाळवावा लागतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांपुढे परमिएबिलिटी येते ती एक कॉलम म्हणून. आकडा दिसला की मॉडेलला खायला घातला. अशी फाइल तुमच्याकडे आलीच, तर पाठवणाऱ्याला आधी विचारा: कोर वाळवला कसा होता?