गच्चीवरचे ऊन आणि धंद्याचा हिशेब

(मंडळाच्या व्यापारी व उद्योजक सभासदांपुढे अण्णा नगर, चेन्नई येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संत, साहित्य अथवा इतिहास यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. ज्या प्रांतात तंजावरच्या मराठी राज्याची परंपरा नांदली, तेथे तर अशा विषयांना तोटाच नाही. तथापि आपल्या मंडळाचे बहुसंख्य सभासद पोटापाण्याच्या उद्योगासाठी येथे आले आणि त्याच उद्योगाने येथे टिकले. कोणी अंबत्तूरला कारखाना काढला, कोणी अण्णा नगरात दुकान थाटले, तर विटा, खानापूर, आटपाडीकडचे आपले गलाई बांधव सौकारपेठेच्या गल्ल्यांत सोने-चांदी गाळीत बसले. या सर्वांच्या खर्चाच्या वहीत एक रकाना सारखा फुगत चालला आहे. तो म्हणजे ‘ईबी’च्या बिलाचा. म्हणून सौरवीज व्यवसायाला परवडते की नाही, या रुक्ष वाटणाऱ्या परंतु प्रत्येकाच्या खिशाशी निगडित असलेल्या प्रश्नाचा विचार आम्ही आज आपणापुढे मांडणार आहोत.

प्रारंभी थोडी पार्श्वभूमी. प्रकाशापासून वीज निर्माण होऊ शकते, हे फ्रान्समधील बेकरेल या शास्त्रज्ञाने 1839 साली दाखविले. सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट मात्र 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी केवळ सहा टक्क्यांच्या आसपास भागाची वीज होत असे. 1977 साली एका वॅटच्या सौरघटाला सुमारे 76 डॉलर पडत, म्हणजे ती वस्तू उपग्रहांनाच परवडणारी होती. आज सौरफलकाची जागतिक किंमत वॅटमागे अर्ध्या डॉलरच्याही खाली आली असून उन्हाचा वीस टक्के व त्याहून अधिक भाग विजेत रूपांतरित होतो. तामिळनाडूने या क्षेत्रात पुष्कळ मजल मारली आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातील कमुदी येथे 2016 साली 648 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. आपल्या सेंट्रल स्थानकाच्या छपरांवरही सुमारे दीड मेगावॅटचे फलक बसले आहेत. गावाहून येणारे पाहुणे त्याखालूनच चालत बाहेर पडतात.

आता आपल्या स्वतःच्या छपराकडे वळू. एक किलोवॅटच्या संचाला साधारणतः शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. चेन्नईत असा एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 1400 ते 1500 युनिटे वीज देतो. आपले शहर तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे फलक दक्षिणेकडे तोंड करून साधारण तितक्याच उताराने बसवावे लागतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कत्तिरीच्या, म्हणजे अग्निनक्षत्राच्या दिवसांत ऊन इतके कडक, तेव्हा वीजही सर्वाधिक, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः फलकाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. घटाचे तापमान पंचवीस अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी घट साठ अंशांपर्यंत तापले तर दहा-बारा टक्के वीज तेथेच गळते. उलट ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात ढगांमुळे उत्पादन उतरते. म्हणून एखाद्या महिन्याचा आकडा दाखवून कोणी वर्षाचे गणित सांगू लागला, तर त्याला बारा महिन्यांचे आकडे मागावेत.

आता खर्च. व्यावसायिक संचाला आकारमानाप्रमाणे किलोवॅटमागे पंचेचाळीस ते साठ हजार रुपये पडतात. निवासी घरांसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत कमाल 78,000 रुपयांचे अनुदान ठेवले आहे; परंतु ते घरांसाठी आहे, दुकाने व कारखान्यांसाठी नाही. हा भेद न सांगता एखादा विक्रेता दुकानदारास अनुदानाची आशा दाखवू लागला, तर त्याच्याशी व्यवहार न करणेच श्रेयस्कर.

एक उदाहरण घेऊ. त्यातील दर व प्रमाणे आम्ही हिशेब समजावा म्हणून गृहीत धरली आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपापल्या बिलातील आकडे घालावेत. एका कारखानदाराने वीस किलोवॅटचा संच अकरा लाख रुपयांस बसविला. वर्षाला 28,000 युनिटे निर्माण झाली. त्यांपैकी ऐंशी टक्के, म्हणजे 22,400 युनिटे, त्याने त्याच वेळी वापरली. व्यापारी लघुदाब ग्राहकांचा वरच्या टप्प्याचा दर सप्टेंबर 2022 मध्ये साडेनऊ रुपये झाला आणि त्यानंतरही चढत गेला. आपण साडेनऊच धरू. वाचले 2,12,800 रुपये. उरलेली 5,600 युनिटे जाळ्यात गेली. त्यांचे तीन रुपयांप्रमाणे 16,800 मिळाले. एकूण 2,29,600. यातून वीजमंडळाच्या जाळ्याच्या वापराबद्दलचा आकार युनिटामागे एक रुपया धरून 28,000 आणि धुणे, देखभाल व विमा यांचे 20,000 वजा केले, की हाती 1,81,600 रुपये राहतात. अकरा लाखांस या रकमेने भागल्यास सहा वर्षांत भांडवल वसूल होते.

या हिशेबात दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, स्वतः वापरलेल्या युनिटाचे साडेनऊ रुपये वाचतात आणि बाहेर गेलेल्या युनिटाचे तीनच मिळतात. पुण्या-नाशिककडचे आपले भाऊबंद ‘नेट मीटरिंग’ची गोष्ट सांगतात, त्या पद्धतीत दिलेले युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होते. तामिळनाडू वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या आदेशाने ही सोय घरगुती ग्राहकांपुरती ठेवली आणि व्यावसायिकांना जादा विजेचे ठरावीक कमी दराने पैसे देण्याची पद्धत लावली. जाळ्याचा आकारही त्याच आदेशाने आला. 2023 मध्ये राज्यशासनाने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी तो निम्म्यावर आणला. असे नियम बदलत असतात. म्हणून सही करण्याच्या दिवशीचा आदेश वाचावा, गावाकडच्या नियमावर येथील हिशेब बांधू नये.

दुसरी गोष्ट यातूनच निघते. संच किती मोठा असावा, हे गच्चीच्या आकारावरून ठरवावयाचे नसून दिवसाच्या वापरावरून ठरवावयाचे असते. सकाळी नऊ ते पाच यंत्रे चालविणारा कारखाना, शीतगृह, रुग्णालय, दिवसभर वातानुकूलन लागणारे दुकान, यांना ही वीज मानवते. ज्याचा खरा धंदा दिवेलागणीनंतर सुरू होतो, त्या खाणावळीच्या मालकाने संच लहानच ठेवावा. दुकान रविवारी बंद असेल तर उत्पादनाचा सातवा हिस्सा कमी दराने बाहेर जाणार, हेही आधीच मांडून ठेवावे.

आता प्राप्तिकराचा मुद्दा. सौरसंचावर पूर्वी पहिल्या वर्षी ऐंशी टक्के घसारा मिळत असे. एप्रिल 2017 पासून तो चाळीस टक्के झाला. अकरा लाखांवर पहिल्या वर्षी 4,40,000 रुपयांचा घसारा धरला आणि कराचा दर पंचवीस टक्के असला, तर 1,10,000 रुपयांचा कर वाचतो. संच वर्षात एकशेऐंशी दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर निम्माच घसारा मिळतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने संच बसविणाऱ्याने हे जाणून असावे. परंतु विक्रेत्यांच्या तक्त्यांत सहसा न आढळणारी दुसरी बाजू अशी की, वीजबिल हा वजावटीस पात्र खर्च असतो. ते घटले की नफा वाढतो आणि नफ्यावर कर लागतो. दोन्ही बाजू मांडल्या असता आपल्या उदाहरणात परतफेडीचा काळ सहा वर्षांच्या आसपासच राहतो. घसाऱ्याने लाभ होतो तो मुख्यत्वे पैसा लवकर हाती येण्याचा. ज्याचा नफाच बेताचा, त्याला तोही फारसा नाही.

कर्ज काढणाऱ्यांसाठी एक आकडा सांगतो. आठ लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे सतरा हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चार हजार पडतो. आपली बचत एक लाख ऐंशी हजारांच्या घरात आहे; उरलेली रक्कम खिशातून भरावी लागेल. तेच कर्ज सात वर्षांचे केले, तर वर्षाचा हप्ता एक लाख साठ हजारांच्या आत येतो आणि बचतीतून भागतो. व्याज मात्र एकूण अधिक जाते. ज्याला भांडवलच घालावयाचे नाही, त्याच्या छपरावर दुसरी कंपनी स्वखर्चाने संच बसवून ठरल्या दराने वीज विकते, असाही मार्ग आहे. त्यात जोखीम कमी आणि लाभही कमी. शिवाय पंधरा-वीस वर्षांच्या कराराने छप्पर बांधले जाते.

फायद्याबरोबर उणिवाही सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. जाळ्याशी जोडलेला साधा संच वीज गेल्यावर आपोआप बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवास धोका होऊ नये. अर्थात दुपारच्या लख्ख उन्हातही, वीज गेली तर जनरेटर लावावाच लागतो. बिलातील स्थिर आकार संचाने कमी होत नाही. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, त्याचे पैसे बाजूस ठेवले पाहिजेत. फलकांची क्षमता दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते. समुद्राच्या खाऱ्या हवेत हलक्या प्रतीचे लोखंड टिकत नाही, आणि डिसेंबर 2016 मधील वरदा वादळाने या शहराची झाडे कशी मुळासकट उपटली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सांगाड्यावर पाच टक्के वाचविणे म्हणजे छप्परच वाऱ्याच्या हवाली करणे होय.

अण्णा नगराविषयी एक खास इशारा. 1968 च्या व्यापारी प्रदर्शनाच्या आगेमागे वसलेली ही वसाहत रुंद रस्त्यांची, झाडांची आणि बुटक्या घरांची होती. आज तीच घरे पाडून चार-पाच मजली इमारती उठत आहेत. एका फलकावर सावली पडली तरी त्याच्या मालिकेतील इतरांचे उत्पादन खालावते. शेजारचे घर जुने असेल, तर उद्या तेथे काय उभे राहील, याचा अंदाज घेतल्याखेरीज गच्चीत पैसे घालू नयेत. या दृष्टीने अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्याची रुंद छपरे अधिक निर्धास्त होत. मात्र तेथे पत्रा व कैच्या भार पेलतील काय, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

परंतु आपणा परप्रांतस्थांच्या बाबतीत खरा प्रश्न याहूनही मूलगामी आहे. छप्पर कोणाचे? आपल्यांपैकी अनेकांची दुकाने आजही भाड्याची आहेत. ज्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्याने सहा वर्षांत वसूल होणारे भांडवल दुसऱ्याच्या मोट्टै माडीवर कसे ठेवावे? मालकाशी दीर्घ मुदतीचा लेखी, नोंदणीकृत करार, त्यात संच काढून नेण्याचा स्पष्ट हक्क आणि शक्य तर बचतीत मालकाचा वाटा, एवढे साधल्याखेरीज भाडेकरूने या वाटेस जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सौकारपेठेच्या चिंचोळ्या गल्ल्यांतील बांधवांना तर जागा व ऊन दोन्ही अपुरे. त्यांनी आधी जुने पंखे, मोटारी व वातानुकूलन यंत्रे बदलून वापर घटविणे अधिक किफायतशीर ठरेल.

आणि ज्यांचे छप्पर स्वतःचे आहे, त्यांच्यापुढेही एक प्रश्न उभा राहतोच. आपण येथे तीस-चाळीस वर्षे राहूनही ‘शेवटी गावी जायचेच आहे’ असे म्हणत आलो. त्या एका वाक्यापायी कितीकांनी घरे घेतली नाहीत, यंत्रे बदलली नाहीत, धंदा वाढविला नाही. सौरसंच मात्र पंचवीस वर्षांचा सोबती आहे. तो बसविणाऱ्यास मुलांशी बसून विचारावे लागते की, हा धंदा पुढे कोण चालविणार आणि कोठे चालविणार. आमच्या मते हिशेबाच्या वहीतला हाच सर्वांत महत्त्वाचा रकाना होय. त्याचे उत्तर ‘येथेच’ असे असेल, तर आकडे आपल्या बाजूचे आहेत. ते तसे नसेल, तर पैसा जवळ ठेवण्यातही काही कमीपणा नाही.

समारोपापूर्वी आपल्या मंडळाच्या सभागृहाविषयी दोन शब्द. महोत्सवाची आठवण म्हणून त्याच्या संपूर्ण गच्चीवर फलक बसवावेत, अशी सूचना उत्साही सभासदांकडून आली आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु सभागृह वापरात असते ते बहुधा सायंकाळी व सुट्टीच्या दिवशी. आठवडाभर निर्माण होणारी वीज अल्प दराने बाहेर जाईल. म्हणून कार्यालय, वाचनालय व पाण्याचा पंप यांच्या दिवसाच्या गरजेपुरता लहानसा संच बसवावा आणि उरलेला निधी विद्यार्थी-साहाय्यास द्यावा, अशी आमची शिफारस आहे. या वर्षी बसविलेला तो संच पंचवीस वर्षे चालला, तर मंडळाच्या अमृतमहोत्सवी वर्षीही वाचनालयातले पंखे त्याच्याच विजेवर फिरत असतील. तेव्हा येथे बसलेली मुले या व्यासपीठावरून मराठीत बोलत असोत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.