येसकर कोण?

(चिखली, जि. बुलढाणा इथं युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



चिखलीत समुद्र नाही, एसटी स्टँड आहे. तिथून पोरं पुण्या-मुंबईला जातात, आणि आता एखादा एजंट दुबई-कुवेतची भाषा करतो. म्हणून बोटीचा कायदा इथं बोलायचा.

26 डिसेंबर 2023 च्या पहाटे मुंबईत एक विमान उतरलं. आत 276 माणसं. फुजैराहून निकाराग्वाला निघालेली, मधेच फ्रान्सात व्हात्रीला चार दिवस अडकवलेली. संशय माणसांच्या तस्करीचा. विमान रोमानियाच्या लेजंड एअरलाइन्सचं. कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, विमान दुसऱ्या कंपनीनं भाड्यानं घेतलंय, कागद तपासायचं काम तिचं. झालं, हात वर!

आपल्याकडे 2000 साली कायदा झाला. बिनकागदाचा प्रवासी आणला की जहाज किंवा विमान कंपनीला माणशी एक लाख दंड. 2025 च्या नव्या कायद्यानं तो रद्द केला आणि कंपन्यांवरची जबाबदारी स्वतःच्या पोटात घेतली. ब्रिटननं हेच 1987 मध्ये केलं, माणशी हजार पौंड. तेव्हा श्रीलंकेतले तमिळ जीव वाचवून तिकडे पोचत होते.

दंड कंपनीला, मग गरिबाचं काय बिघडलं? ऐका. ही रीत आपल्या ओळखीची आहे. वेशीवर येसकर महार. परका गावात शिरला की पाटलाला खबर त्यानं द्यायची, चुकला तर मार त्यानं खायचा. राखण त्याची, गाव पाटलाचं. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते याच वेठीविरुद्ध. आता सरकार पाटील, कंपनी येसकर. फक्त या येसकराकडे वकील आहे, म्हणून तो मार खाली ढकलतो. काउंटरवरचा क्लार्क दंडाच्या धाकानं माणसाचे कपडे बघतो, बॅग बघतो, कातडी बघतो. घर जळताना पळालेल्याकडे व्हिसा कुठून असणार? त्याचं म्हणणं कोर्टापर्यंत जातच नाही, तिकीट खिडकीच निकाल देते.

आणि भर समुद्रात? 1992 मध्ये एमसी रुबी या मालवाहू जहाजावर लपून बसलेले आफ्रिकी तरुण सापडले. बंदरात दंड बसेल म्हणून खलाशांनी त्यांना मारून पाण्यात टाकलं. एकच वाचला, त्यानं फ्रान्सात पोलीस गाठले. 1995 मध्ये रूआंच्या कोर्टानं कप्तानाला जन्मठेप दिली. दंडाचा नियम मात्र जसाच्या तसा.

कंपन्यांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. माणसं फसवून नेणाऱ्या दलालाची मानगूट धराच, जाणूनबुजून त्याचं भाडं खाणाऱ्याचीही धरा. पण हा कायदा फसवणूक मोजत नाही, नुसता कागद मोजतो.

गल्लीत एजंट आला तर पैसे देण्याआधी 1983 च्या कायद्याखालचा त्याचा नोंदणी नंबर मागा. करार वाचून घ्या. आणि अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं तर भाडं कोण भरणार, ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.