सँक्शन : मंजुरी की शिक्षा?

(मंडळाच्या बैठकीत केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



आज एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे : 'सँक्शन'. लहानपणी हा शब्द मला आनंदाचा वाटे. वडिलांचं घराचं कर्ज 'सँक्शन' झालं तेव्हा आईने पेढे वाटले होते. अमेरिकेत आल्यावर मी ऑफिसात सांगितलं, माझी रजा सँक्शन झाली. समोरचा गोंधळला. त्याच्या मनात आधी आला तो दंड! आपल्यापैकी अनेकांना मे १९९८ आठवत असेल. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर लादले ते 'सँक्शन्स'च.

मग हा शब्द परवानगीचा की शिक्षेचा? दोन्हींचा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र, अभंग ठरवणे. 'सेंट' हा शब्दही त्याच कुळातला. अभंग ठरवलेला हुकूम म्हणजे सँक्शन. तो मोडणाऱ्याला शिक्षा, तीही सँक्शन. आणि एखाद्या गोष्टीला अधिकाराने दिलेली मान्यता, तीही तेच. १७८९ साली जेरेमी बेंथमने माणसाला वागायला भाग पाडणारी चार सँक्शन्स सांगितली : निसर्गाचं, राज्याचं, लोकमताचं आणि धर्माचं. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध घातले. देशांच्या बाबतीत हा शब्द आज मुख्यतः त्याच अर्थाने ऐकू येतो.

मराठीत 'मंजुरी' आणि 'निर्बंध' असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपल्याला वाटतं. पण जातपंचायत आठवा. लग्नाला संमती देणारी तीच, वाळीत टाकणारीही तीच. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी नेमकं यावरच बोट ठेवलं : जात टिकते ती शास्त्रांना चिकटलेल्या पावित्र्यामुळे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला, तोही २०१६ साली!

आता घरचं सांगतो. माझ्या चुलतबहिणीने जातीबाहेर लग्न केलं. कुणी तिला मारलं नाही, धमकावलं नाही. फक्त कार्याची आमंत्रणं बंद झाली. मी इथे बसून स्वतःला पुरोगामी म्हणवत होतो. दोन वर्षं तिला फोन केला नाही. उगाच वाद नको, एवढंच मनात. शेवटी केला तेव्हा ती म्हणाली, "दादा, तूसुद्धा त्यांच्यातलाच, असं समजले होते मी."

माझं गप्प बसणं घरच्यांना मंजुरी वाटलं आणि तिला शिक्षा. एकच कृती, दोन्ही अर्थ!

'मंजूर' शब्दाच्या मुळाशी 'नजर' आहे. म्हणजे पाहिलेलं, म्हणून मान्य केलेलं. मी तर पाहायचंच टाळलं होतं. आज घरी गेल्यावर एवढाच विचार करा : आपण न बोलता काय काय सँक्शन करतो आहोत?