लाउडस्पीकरच्या तारेचें टोंक

संगीताची आवड असलेल्या घरांतून एक वाद वारंवार ऐकूं येतो. अँप्लिफायरपासून लाउडस्पीकरपर्यंत जी तार जाते तिच्या टोंकाला काय असावें? तार नुसती सोलून पेंचाखालीं दाबावी, तिला लग बसवावें, कीं सोन्याचा मुलामा दिलेला बनाना प्लग लावावा? (पिनेची स्प्रिंग मध्यें फुगीर असते म्हणून हें नांव पडलें, केळ्याशीं साम्य तसें ओढूनताणूनच आहे.) प्रश्न एवढाच असता तर तो वायरमनवर सोंपवून मोकळें होतां आलें असतें. परंतु टोंक बदललें कीं गाण्याचा आवाजच बदलतो, सतार अधिक स्वच्छ वाजते, गायिकेचा श्वास ऐकूं येऊं लागतो, असें सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या शब्दावर विसंबून कित्येक गृहस्थ चार-आठ प्लगांसाठीं एवढी रक्कम मोजतात कीं तेवढ्यांत मुलीला वर्षभर गाण्याची शिकवणी लावतां यावी. शिवाय एकाच घरांत वडील म्हणतात, फरक ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, हा सगळा भ्रम आहे. आणि बघतां बघतां गोष्ट तारेवरून निघून एकमेकांच्या खरेखोटेपणावर येते. तेव्हां या प्रश्नाची नीट छाननी होणें इष्ट आहे.

याच्या मुळाशीं जो नियम आहे तो गेऑर्ग ओहम याचा. जर्मनींतील कोलोन शहरीं एका शाळेंत हा गृहस्थ गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. शाळेंतील उपकरणें हाताशीं घेऊन त्यानें तारांवर प्रयोग केले व १८२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशांत आरंभीं त्याची कोणी फारशी कदर केली नाहीं. म्युनिकला पदार्थविज्ञानाचें अध्यापकपद मिळावयास १८५२ साल उजाडावें लागलें आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं तो वारला. पुढें १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-परिषदेनें त्याच्या नांवाचें विरोधाचें माप मान्य केलें. एका शाळामास्तराचें नांव आज प्रत्येक वायरमनच्या मीटरावर आहे.

आतां त्या मापानें आपल्या विषयाकडे पाहावें. घरगुती लाउडस्पीकर बहुधा ८ ओहमचा असतो. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारें ०.००७ ओहम भरतो. लाउडस्पीकर ५ मीटर दूर असेल तर जाण्यायेण्याची मिळून १० मीटर तार होते. तिचा विरोध ०.०७ ओहम. अशा जोडणींत जोड चार असतात, दोन या टोंकाला व दोन त्या टोंकाला. स्वच्छ आणि घट्ट बसलेल्या एका जोडाचा विरोध फार तर ओहमचा एक सहस्रांश धरावा. चारांचा मिळून ०.००४ ओहम. एवढ्यानें आवाज किती उणा होतो म्हणाल, तर डेसिबलचा सुमारें दोनशेंतिसावा भाग. अगदीं शांत खोलींत, तयार कानाला जो लहानांत लहान फरक जाणवतो तो पाव डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे जोडामुळें पडणारा फरक त्याच्या पन्नासाव्या हिश्शाहूनहि कमी झाला. खुद्द लाउडस्पीकरच्या पोटांत बारीक तारेचें जें वेटोळें असतें, त्याचाच विरोध ६ ओहमच्या घरांत असतो. आणि तें वेटोळें काढून टाका असें कोणी म्हणत नाहीं.

सोन्याविषयींहि एक मोठा गैरसमज आहे. वीज वाहून नेण्यांत रुपें पहिलें, तांबें दुसरें आणि सोनें तिसरें. तांब्यावर सोन्याचा मुलामा देतात तो वीज अधिक चांगली वाहावी म्हणून नव्हे, तर सोनें कळकत नाहीं म्हणून. निकेल तर तांब्याच्या मानानें चौपट विरोध करणारें. पण मुलाम्याचा थर इतका पातळ असतो कीं तोहि हिशेबांत धरण्याजोगा नाहीं.

येथें जाणकार श्रोता रागावतो, आणि त्याच्या रागाला कारणहि आहे. तो म्हणतो, तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकला तर ज्याला कळतें, त्या कानाला मीटर काय शिकविणार? मिरजेच्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या ज्या कानाच्या भरंवशावर जवारी काढली तो कान खरोखरच कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु दोरा सरकला म्हणजे तार घोडीला कोठें व किती वेळ टेकते तेंच बदलतें, आणि त्यासरशीं कोणते उपस्वर किती जोरानें उमटतात तेंहि पालटतें. हा फरक मुळांत मोठा आहे; यंत्रानें मोजला तरी तो स्पष्ट दिसतो. धातूला धातू घट्ट टेकलेल्या जोडांत यांतलें कांहींच घडत नाहीं. खर्ज असो वा तारसप्तक, तो सर्वांना सारखीच वाट देतो. कान सूक्ष्म आहे हें खरें, पण सूक्ष्म कानालाहि ऐकण्यासाठीं कांहीं तरी हवें.

मग नवे प्लग बसविल्यावर आवाज सुधारला असें जे सांगतात ते सगळे खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. पुष्कळदां आवाज खरोखरच सुधारलेला असतो, फक्त त्याचें श्रेय भलत्याला मिळतें. मुंबईसारख्या समुद्रकांठच्या शहरांत उघडी तांब्याची तार दोन पावसाळ्यांत काळवंडते, तिच्यावर हिरवट कळंक चढतो. घरांतील तांब्याचा गडवा न घांसतां ठेवला तर काय होतें तें कोणत्याहि गृहिणीला ठाऊक आहे. अशा तारेचा जोड खरखरतो, मधूनच तुटतो, एका बाजूचा आवाज दबतो. नवा प्लग बसवितांना तारेचें जुनें टोंक कापून नवें सोललें जातें, पेंच पुन्हां आवळला जातो; दोष तेथेंच जातो. साध्या तारेचें टोंक नव्यानें सोलून दाबलें असतें तरी तेंच घडलें असतें. (गडव्याला चिंच लावतात म्हणून तारेला लावूं नये, आंबट ओल आंत राहून ती अधिकच खाल्ली जाते.) दुसरें कारण याहूनहि गमतीचें आहे. दोन लाउडस्पीकरांपैकीं एकाच्या तांबड्या-काळ्या तारांची पूर्वीं अदलाबदल झालेली असते. मग एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, आणि तबल्यांतील बायाँचा घुमारा नाहींसा होतो. नवी जोडणी करतांना चूक आपोआप दुरुस्त होते, बायाँ परत येतो, आणि सोन्याच्या मुलाम्याची वाहवा होते.

तारेच्या जाडीची गोष्ट मात्र निराळी. १९८३ सालीं अमेरिकेंतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकानें लॉरेन्स ग्रीनहिल यांच्याकडून लाउडस्पीकरच्या तारांची पडद्याआड परीक्षा घेवविली. संगीत ऐकतांना महागडी जाड तार आणि दिव्याला वापरतात ती साधी १६ गेजची तार, यांत श्रोत्यांना भेद करतां आला नाहीं; २४ गेजची बारीक तार मात्र त्या दोहोंहून कमी प्रतीची ठरली. हिशेबहि तेंच सांगतो. लाउडस्पीकर १० मीटर दूर असेल तर त्या बारीक तारेचा जातां-येतां विरोध सुमारें १.७ ओहम होतो, आणि ८ ओहमच्या लाउडस्पीकरवर दीड डेसिबलहून अधिक आवाज वाटेंतच खर्ची पडतो. ज्याला पैसे घालावयाचे असतील त्यानें ते टोंकापेक्षां तारेच्या जाडीवर घालावे. तेहि फारसे लागत नाहींत.

पडद्याआडची परीक्षा ही कल्पना नवी नव्हे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें मेस्मर याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठीं मंडळ नेमलें, त्यांत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिये हे होते. पासी येथें फ्रँकलिनच्या बागेंतील एका झाडाला ‘चुंबकत्व’ देण्यांत आलें आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशीं नेण्यांत आलें. चौथ्या झाडापाशीं तो मूर्च्छित पडला. तें झाड भलतेंच होतें. मुलगा सोंग करीत नव्हता, हेंच त्या प्रयोगाचें मर्म आहे. घरांतल्या वादांत हें लक्षांत ठेवलें तर निम्मा कडवटपणा जाईल. नव्या प्लगाची किंमत ठाऊक असलेला गृहस्थ जें ऐकतो तें त्याला खरोखरच ऐकूं येत असतें.

ध्वनीच्या क्षेत्रांत अशा परीक्षेला शिस्तीचें रूप मन्सन आणि गार्डनर या बेल प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९५० सालीं दिलें. घरीं करावयाची तर ती अशी. तारा दोन, एक साध्या टोंकाची व एक प्लगाची, पण लांबी-जाडी एकच. तार बदलण्यास मिनिट दोन मिनिटें लागलीं तर आवाजाची सूक्ष्म आठवण पुसून जाते, म्हणून दोन्हीं तारा एका चांगल्या खटक्याला जोडाव्या. खटका श्रोत्याला न दिसेल अशा ठिकाणीं असावा, आणि तो फिरविणाऱ्यानें छापा-कांटा करून तार निवडावी. त्यानें बोलूं नये, खांकरूंहि नये. आवाजाची कळ तसूभरहि हालवूं नये, कारण किंचित् मोठा आवाज कानाला नेहमींच अधिक गोड वाटतो. सोळा वेळां विचारावें. नुसत्या अंदाजानें सोळांपैकीं बारा किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शेंकडा ४ हून कमी आहे. तेव्हां बारा आलीं तर वडिलांचें म्हणणें गंभीरपणें घ्यावें व परीक्षा पुन्हां करावी. आठ-नऊ आलीं तर प्लग परत करावे.

टोंकांत भेद नाहींच असें मात्र नाहीं. तो कानाचा नसून सोयीचा व सुरक्षिततेचा आहे. एकदां जोडून वर्षानुवर्षें न हालवावयाच्या तारेला सोललेलें टोंक पुरेसें आहे, मात्र एकहि सुटा धागा शेजारच्या पेंचाला लागूं नये. लागला तर अँप्लिफायर जळण्याची भीति. टोंकाला कथलाची कल्हई करून तें पेंचाखालीं दाबण्याची कित्येकांना हौस असते, पण कथील मऊ. दाबाखालीं तें हळूहळू पसरतें आणि जोड ढिला पडतो. लग सर्वांत पक्कें. ज्याला यंत्रें वारंवार हालवावीं लागतात त्याला बनाना प्लग सोयीचा, फक्त त्याची स्प्रिंग सैल झालेली नसावी. नाट्यगृहांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत जोरकस लाउडस्पीकरांना जो फिरवून अडकणारा स्पीकॉन नांवाचा जोड असतो, तो लिक्टेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीनें काढला. त्याचे धातूचे भाग बोटाला लागत नाहींत आणि तार ओढली तरी तो निघत नाहीं.

बनाना प्लगाची पिन ४ मिलिमीटरची असते, आणि गोल छिद्रांच्या विजेच्या सॉकेटांत ती सहज शिरते. युरोपांत विकल्या जाणाऱ्या अँप्लिफायरांच्या मागील भोंकांना प्लास्टिकचीं बुचें बसविलेलीं असतात तीं याच भयानें, आणि गोल छिद्रांचीं सॉकेटें आपल्याकडेहि घरोघर आहेत. ज्या घरांत लहान मुलें रांगतात तेथें तारेचें एक टोंक लाउडस्पीकरला ठेवून दुसरें जमिनीवर मोकळें सोडूं नये. काढावयाचीं तर दोन्हीं टोंकें काढावीं आणि तार गुंडाळून कपाटांत ठेवावी.