सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही

(बिडकीन येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण केले. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील या क्षेत्राचा विस्तार 7,855 एकर असून तीन टप्प्यांतील खर्च 6,400 कोटी रुपयांहून अधिक आहे. या आकड्यांचे कौतुक यथास्थित झाले. समाजवादी कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे. या जमिनीवर काल कोण जगत होते, आणि त्यांपैकी कोणाला नव्या हिशेबात जागा मिळाली?

शेंद्रा-बिडकीनच्या भूसंपादनात एकरी 23 लाख रुपयांचा दर ठरला. कोरडवाहू मराठवाड्याच्या मानाने तो मोठा होता आणि ज्या शेतकऱ्याने तो स्वीकारला त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि त्याचा हिशेब मांडून पाहावा. तीन एकरांच्या खातेदाराला 69 लाख मिळतात. तिघा भावांत वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला 23 लाख उरतात. त्यातून जुने कर्ज फेडायचे, घर बांधायचे, मुलीचे लग्न उरकायचे. उरलेल्या रकमेत चार गावे पलीकडे जमीन पाहावी, तर तिथेही याच पैशाने भाव चढलेले असतात. जमीन पिढ्यानपिढ्या पुरते. रोख रक्कम बहुधा एका पिढीलाही पुरत नाही.

निदान खातेदाराच्या हाती काही पडले. सालगड्याचे काय? बटईने करणाऱ्याचे काय? कापूस वेचणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बायांचे काय? ही माणसे त्याच रानात राबली. रान गेले तेव्हा त्यांची मजुरीही गेली. परंतु सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, म्हणून मोबदल्याच्या कागदावरही ते आले नाही. औद्योगिक विकास महामंडळाचा 1961 चा कायदा जमिनीत हितसंबंध असलेल्याला ओळखतो. जमिनीवर घाम गाळणाऱ्याला ओळखत नाही. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने ही चूक काही अंशी सुधारली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणारे शेतमजूर, कुळे, बटईदार, कारागीर यांची कुटुंबे, त्यांची उपजीविका प्रामुख्याने त्या जमिनीवर असेल तर, ‘बाधित’ ठरतील, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. समाजवादी चळवळीने वर्षानुवर्षे मांडलेला हा विचार केंद्रीय कायद्याच्या पुस्तकात शिरला. आणि महाराष्ट्र शासनाने काय केले? 2018 च्या दुरुस्तीने महामंडळाच्या कायद्याखालील संपादनाला त्यातील सामाजिक परिणामांच्या तपासणीतून व संमतीच्या अटीतून मोकळे केले. ज्या तपासणीत भूमिहीनाची मोजदाद व्हायची, तीच वगळली गेली. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हे शोभले नाही.

स्त्रियांची कथा याहून मूक आहे. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीआधी अकरा वर्षे. पण जमिनीला भाव आला की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिला कुणी बाधित म्हणत नाही.

आता रोजगाराकडे. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य शासनाशी करार केला: सुमारे 20,000 कोटींची गुंतवणूक, 8,000 प्रत्यक्ष रोजगार. भागाकार साधा आहे. एका नोकरीमागे अडीच कोटी रुपये. (कंपनीचा जुना कारखाना कर्नाटकात बिडदीला आहे, बिडदीनंतर बिडकीन, एवढे यमक तरी जुळले.) कारखाना नको असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण इतक्या भांडवलप्रधान उद्योगात रानातली मजुरी गमावलेल्या बाईला काम मिळेल, ही समजूत भाबडी आहे. तिला मिळाले तर ठेकेदाराकडचे झाडलोटीचे काम मिळेल. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कपातीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली आणि ठेकेदारी कामगारांविषयीच्या तरतुदींची 20 वरून 50 वर. म्हणजे छोट्या ठेकेदाराकडचा माणूस कायद्याच्या आणखी बाहेर गेला. भांडवल देशोदेशी फिरते, राज्ये एकमेकांवर चढाओढीने सवलती देतात, आणि त्या सवलतींची वसुली अखेर ज्याची संघटना नाही त्याच्याकडून होते. पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये भारतातील वरच्या एक टक्क्याकडे 40 टक्के संपत्ती होती. ती अशा असंख्य करारांतून साचते.

या परिसराला विस्थापन नवे नाही. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 मध्ये धरण पूर्ण झाले, आणि गोदाकाठची गावेच्या गावे नाथसागराखाली गेली. त्या काळी राज्यभर बाबा आढाव प्रभृतींनी धरणग्रस्तांना संघटित केले. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी घुमली. 1976 चा पुनर्वसन कायदा त्या रेट्यातून आला. अंमलबजावणी अपुरी राहिली हे खरे. तरी जमिनीला जमीन हे तत्त्व राज्याने मान्य केले होते. आज ती मागणी कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येत नाही. दराची घासाघीस हाच लढा झाला आहे.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे, एका कुटुंबाला अडीच एकरांपुरतेच, उसाला मुळीच नाही, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. मालकीवाचून हक्क असू शकतो, हे शासनाच्या ठरावाची वाट न पाहता गावकऱ्यांनी ठरवले होते. एकनाथांच्या पैठणपासून हाकेच्या अंतरावर हा विचार परका वाटू नये.

बिडकीन, निलजगाव आणि भोवतालच्या तांड्यांवर शाखांनी पुढील तीन महिन्यांत घरोघर जाऊन एक यादी करावी. संपादनापूर्वी कोण कोणाच्या शेतात राबत होते, किती वर्षे, आज काय करतात. बायकांची नावे स्वतंत्र लिहावीत, नवऱ्याच्या नावाखाली नव्हे. ती यादी ग्रामसभेपुढे वाचावी, ठराव घ्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी. कारखान्यांच्या ठेकेदारांकडे किती स्थानिक कामगार आहेत, त्यांना किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळतो काय, याची दुसरी यादी कामगार आघाडीने करावी. काम कंटाळवाणे आहे आणि वृत्तपत्रांत त्याची बातमी येणार नाही. पहिली वही कोणत्या वस्तीपासून सुरू करायची, तेवढे आज इथे ठरवून उठावे.